सोमकुंवरबाबूंनी हरळी लावली

देवीदास सोमकुंवर सबंध नोकरीत एकदाच खोटं बोलले, आणि तेही तीनच शब्दांचं. "आहे ना, छोटीशी." पण त्या तीन शब्दांचा घोर त्यांना श्रावणापासून दसरा उलटेपर्यंत पुरला.

ते बोलले पुंडलिकराव गजभियांसमोर. पुंडलिकराव नागपूरचे मोठे इंजिनिअर. स्वतःचा बंगला, मुलगा अनिल बँकेत. बाबूंची अलका मध्य प्रदेशातल्या सौंसरच्या शाळेत शिकवत होती. नात्यातल्या एकाने दोन्ही घरी लग्नाचा शब्द टाकला, म्हणून बाबू पावसाची उघडीप बघून बसने नागपूरला गेले आणि पुंडलिकरावांच्या बंगल्यापुढे लॉनवर, वेताच्या खुर्चीत अंग चोरून बसले. गवत इतकं मऊ आणि एकसारखं होतं की त्यावर चपलेचा पाय ठेवावा की नाही हेच त्यांना कळेना, म्हणून त्यांनी दोन्ही पाय दोन बोटं वर धरले होते. पुंडलिकराव कमी बोलणारे. चहा येईपर्यंत ते अनवाणी दोन फेऱ्या मारून आले, खुर्चीत बसले आणि म्हणाले, "तुमच्याकडे लॉन आहे का?"

आता याला नाही म्हणायला काय हरकत होती? नाही म्हणणारी माणसं जगात सुखाने राहतात, रात्री झोपतात. पण बाबूंना त्या क्षणी वाटलं की हा प्रश्न लॉनचा नाही, अलकाचा आहे. तीन शब्द तोंडातून निघून गेले. पुंडलिकरावांनी मान हलवली. "मग दसऱ्यानंतरच्या रविवारी येतो आम्ही," ते म्हणाले. "बाहेरच बसू."

परतीच्या बसमध्ये बाबूंना खिडकीची जागा मिळाली होती, पण त्यांना बाहेरचं काही दिसलं नाही. बाहेरच बसू, एवढंच त्यांच्या कानात वाजत राहिलं. सौंसरच्या नव्या वस्तीत सरकारी कर्ज काढून त्यांनी दोन वर्षांपूर्वी घर बांधलं होतं, आणि घरापुढे तीस बाय वीस फुटांची जागाही सोडली होती. त्या जागेत आजमितीस बांधकामातून उरलेला वाळूचा ढीग, एक वाकडं सीताफळ आणि शेजाऱ्यांच्या कोंबड्या, एवढा ऐवज होता.

घरी त्यांनी हे कबूल केलं तेव्हा कुसुमबाईंनी कपाळाला हात लावला नाही, फक्त हातातले तांदूळ निवडायचे थांबवले. अलका मात्र सरळ होती. "मीच लिहून देते त्याईले," ती म्हणाली, "का लॉन नाही, आंगन हाय म्हणून. आंगनात काय मानसं बसत नाही, बाबा?" बाबूंनी तिला समजावलं की एकदा वर गेलेलं टिपण खाली आणता येत नाही. वीस वर्षं सरकारी कचेरीत काढलेल्या माणसाची ती श्रद्धाच होती. खोटं मागे घेता येत नाही, ते खरं करून दाखवावं लागतं, आणि त्यासाठी हातात अडीच महिने होते.

पहिल्यांदा ते रीतीप्रमाणे एका सरकारी रोपवाटिकेत गेले. तिथल्या बाबूने त्यांना हिंदीत छापलेला फॉर्म दिला. त्यात झाडांचे तीन प्रकार होते, फळाची, सावलीची आणि इतर. गवत कुठेच नव्हतं. "दूब?" तो बाबू म्हणाला, "दूब तो अपने आप होती है, बाबूजी." तरी माणूस भला, त्याने 'इतर' मध्ये लिहायची परवानगी दिली. पुढचा रकाना होता रकबा, म्हणजे क्षेत्रफळ, तेही हेक्टरमध्ये. सोमकुंवरबाबूंनी कोपऱ्यात बसून गुणाकार-भागाकार केला आणि लिहिलं, शून्य दशांश शून्य शून्य पाच सहा. ते वाचून त्या बाबूने चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि जमिनीचा खसरा-उतारा, पटवाऱ्याचा दाखला आणि अर्जाच्या तीन प्रती घेऊन उद्या यायला सांगितलं. वीस वर्षं लोकांना 'उद्या या' म्हणताना आपला आवाज कसा लागतो, हे सोमकुंवरबाबूंना त्या दिवशी कळलं. ते परत तिकडे गेले नाहीत.

शेवटी त्यांनी शेजारच्या रघुनाथरावांना विचारलं. रघुनाथरावांची बोरगावकडे संत्र्याची बाग होती, आणि सौंसरच्या भागात ज्याची संत्र्याची बाग असते त्याचं मत कोणत्याही विषयावर घेतलं जातं. बाबूंनी आडवळणाने सांगितलं की दारापुढे जरा हिरवं करायचं आहे, ती बारीक पानाची, जमिनीवर पसरणारी दूब असते ना, ती हवी. रघुनाथराव खुर्ची जवळ ओढून बसले.

"हरळी म्हणून राहिले का तुमी?" त्यांनी हळूच विचारलं. "बाबूजी, तीस वर्सं झाले, मी बांधावरची हरळी मारून राहिलो. नांगरून पायली, जाळून पायली, दवाई मारली. मरत नाही ते. अन् तुमी ते घरी आनून राहिले?"

हरळी म्हणजे काय हे शहरातल्या माणसाला सांगूनही समजणार नाही. कापूस असो की संत्रा, सगळ्या वावरांची ती वैरीण. एक कांडी मातीत राहिली तर पुढच्या वर्षी बांधभर. ती खणून काढायला बायांच्या टोळ्या लागतात आणि दिवसच्या दिवस जातात. तिला पाणी घालणारा माणूस रघुनाथरावांनी उभ्या जन्मात पाहिला नव्हता. त्यांनी फुकट दिली, वर बैलगाडी दिली, वर बाबूंना चहा पाजला. बाबूंनी गाडीवर ताडपत्री टाकून घेतली, कारण ही वस्तू भर दिवसा घरी नेण्यासारखी नाही एवढं त्यांच्या ध्यानात आलं होतं. ताडपत्री बसस्टँडसमोर उडाली. चहाच्या टपरीवर जेवढी माणसं होती तेवढी उठून उभी राहिली. कचेरीत दुसऱ्या दिवशी शिपायाने पाणी देताना त्यांची तब्येत विचारली.

लावणी मात्र बाबूंनी अशी केली की रजिस्टरच्या रेघांनी लाजावं. वाळूचा ढीग हलवून, दोरी बांधून, वीतभर अंतर मोजून, एकेक कांडी बोटाने दाबत ते आणि कुसुमबाई दोन रविवार जमिनीवर बसून होते. भाद्रपद लागला तेव्हा सगळा तुकडा हिरवा झाला होता. बाबू सकाळी उठून आधी खिडकीतून गवत बघत आणि मग चूळ भरत. कचेरीत फायलीवर मान खाली घातली की त्यांना फाटक उघडं राहिलेलं दिसे आणि त्यातून एक शेळी आत येताना दिसे. दुपारच्या सुट्टीत ते सायकल मारत घरी येत, शेळी आलेली नाही याची खात्री करत, आणि उपाशीच परत जात.

शेळी आली नाही. आल्या त्या बाया.

गणपती बसले त्या सकाळी समोरच्या केसरबाई ताट घेऊन फाटकाशी उभ्या राहिल्या. दुर्वा पाहिजेत म्हणाल्या. आता दुर्वा म्हणजे हरळीचेच कोवळे शेंडे, आणि गणपतीला एकवीसची जुडी लागते, आणि दहा दिवस रोज लागते. एरवी ती आणायला दूर नाल्याकाठी जावं लागे. केसरबाईंच्या मागे गल्लीतल्या आणखी चार जणी होत्या. बाबू खिडकीआडून मोजत होते. पाच बाया, एकवीस शेंडे, दोन वेळची आरती, दहा दिवस. त्यांनी हिशेब अर्ध्यावर सोडला आणि कुसुमबाईंना म्हणाले की काहीतरी कारण सांगून बंद कर हे.

कुसुमबाई खिडकीशी येऊन उभ्या राहिल्या. त्यांच्या घरी गणपती नव्हता, भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब होते, आणि गल्लीला ते ठाऊक होतं. "नेऊ द्या," त्या म्हणाल्या. "दोन वर्सांत पयल्यांदा आल्या त्या आपल्या फाटकाच्या आत." कुसुमबाईंनी बाहेर जाऊन चहा विचारला. केसरबाईंनी क्षणभर विचार केला आणि घेतला. दहा दिवस रोज सकाळी तिथे चहा होत राहिला, आणि अनंत चतुर्दशीला लॉन डोक्यावर वस्तरा फिरवल्यासारखी दिसत होती.

अजून महिना होता. बाबू युरिया आणायला निघाले तेव्हा रघुनाथरावांनी त्यांना कुंपणापाशीच अडवलं. त्यांच्या मते ह्यावर एकच इलाज होता, तो म्हणजे ताण.

आता हे ताण प्रकरण त्या भागात कुणाला शिकवावं लागत नाही. संत्र्याचं पाणी तोडायचं, झाडाची पानं गळू द्यायची, बघणाऱ्याला वाटावं की हे आता मेलं, आणि मग पाणी सोडलं की झाड असं फुलतं की फांद्यांना टेकू द्यावे लागतात. "झाडाले लाड नाही चालत," रघुनाथराव म्हणाले. "त्याले वाटलं पायजे का आता आपली गय नाही. मंग ते कामाले लागते." बाबूंच्या मनात आलं होतं की संत्र्याला बहार हवा असतो, आपल्याला गवताची फुलं काय करायची आहेत. पण ज्या माणसाची संत्री ट्रक भरभरून नागपूरला जातात त्याला हे विचारायचं कसं? शिवाय गल्लीतल्या ज्याला त्याला विचारलं, त्याने ताणाच्याच बाजूने कौल दिला. बाबूंनी पाणी तोडलं.

पंधरा दिवस भाद्रपदाचं ऊन त्या तुकड्यावर पडलं. लॉन आधी पिवळी झाली, मग तांबूस, मग तिचा रंग सांगता येईना. रघुनाथराव रोज कुंपणावरून बघून समाधानाने मान हलवत. सोळाव्या दिवशी ते म्हणाले, सोडा आता पाणी. त्याच दिवशी गावाची मोटर जळली आणि नळ एक दिवसाआड, तोही पाऊण तास येऊ लागला.

बाबूंची झोप इथे पार उडाली. रविवार जवळ येत होता आणि दारात मळलेल्या पोत्यासारखं काहीतरी पसरलेलं होतं. त्यांनी घरात पाण्याचं शासन आणलं. तांदूळ धुतलेलं पाणी बाहेर, भांड्यांचं पाणी बाहेर. तेवढ्याने भागेना तेव्हा त्यांनी स्वतः लॉनवर आंघोळ करायला सुरुवात केली. पहाटे पंचा लावून, बादली घेऊन, रोज एका चौकोनात. आज सीताफळाकडचा, उद्या फाटकाकडचा, म्हणजे सगळीकडे सारखं पाणी पोचेल. साबण लावत नव्हते, मुळांना लागेल म्हणून. पाचव्या दिवशी, फाटकाकडच्या चौकोनात ते डोक्यावर तांब्या ओतत असताना केसरबाई फुलं तोडायला बाहेर आल्या. बाबूंनी ओल्या पंच्यानिशी नमस्कार केला. दुसरं काय करणार? दोघांनीही ती गोष्ट पुढे कधी काढली नाही.

पण हरळी ती हरळी. अण्णा म्हणा, बाप्पा म्हणा, ती ऐकते फक्त पाण्याचं. दसऱ्याला बाबू दरसालाप्रमाणे बायकोमुलीसह नागपूरला दीक्षाभूमीवर जाऊन आले, आणि परत आल्यावर फाटकातून बघतात तो तुकडा हिरवागार. शुक्रवारी संध्याकाळी ते पायातल्या चपला काढून तिच्यावर उभे राहिले, आणि पुंडलिकरावांसारखी अनवाणी दोन फेऱ्या मारून आले. आपण खोटं बोललो होतो हे आता कोण सिद्ध करणार?

बोरगावला त्यांची माय राहत होती, यमुनाबाई. तिला त्यांनी आठ दिवसांपूर्वीच कार्ड टाकलं होतं. रविवारी नागपूरचे पाहुणे येणार आहेत, तू शनिवारी ये, घरदार झाडूनपुसून लख्ख ठेवायचं आहे. एवढाच मजकूर. लॉनबद्दल त्यात काही नव्हतं, कारण पोस्टकार्डावर लॉन मावत नाही, आणि मायला ते समजणारही नाही असं बाबूंना वाटलं. शनिवारी ते कचेरीत गेले. कुसुमबाई आणि अलका सकाळच्या बसने पांढुर्ण्याला, कुसुमबाईंच्या बहिणीकडे, सोनेरी काठाच्या कपबश्या मागून आणायला गेल्या. चावी रघुनाथरावांकडे होती.

संध्याकाळी बाबू आले, फाटक उघडलं आणि त्यांना वाटलं की आपण घर चुकलो. समोर काळी, भुसभुशीत, ढेकूळन् ढेकूळ फोडलेली जमीन होती. कुंपणाला लागून हरळीचा कंबरेइतका ढीग, पांढरी मुळं वर करून उन्हात टाकलेला. ओट्यावर माय आणि तिच्या निंदणाच्या टोळीतल्या दोन जोडीदारणी, देवकाबाई आणि चंद्रकलाबाई, पाय पसरून चहा पीत होत्या. नातीचं ठरतंय म्हणून त्याही हौसेने आल्या होत्या, आणि येताना सवयीप्रमाणे कमरेला खुरपी होतीच.

"आला का?" माय म्हणाली. "पाहाय. एक कांडी ठेवली नाही. उद्या पावने येऊन राहिले अन् दारात हे रान. तुले हापिसातून टाइम भेटत नसंल, मी काय समजत नाही? तिघी लागलो अन् करून टाकलं."

रघुनाथराव कुंपणापलीकडे खुर्ची टाकून बसले होते. बाबूंनी त्यांच्याकडे पाहिलं. "मले वाटलं, आली बाप्पा अक्कल एकदाची," ते म्हणाले.

बाबूंच्या तोंडात दहा वाक्यं एकदम आली. सगळी तयार होती, धारेची होती, आणि त्यातली तीन तरी अशी होती की ती बोलून झाल्यावर माय दुसऱ्या सकाळी बोरगावच्या बसमध्ये बसली असती. त्यांनी तोंड उघडलं. माय त्यांच्याकडे बघत नव्हती. ती पदराने खुरप्याचं पातं पुसत होती.

"चाळीस वर्सं लोकायच्या वावरात निंदलं म्या," ती म्हणाली. "आज पयल्यांदा आपल्या घरचं निंदलं. हात एक बी दुखून नाही राहिला, पाहाय."

बाबूंनी तोंड मिटलं. त्यांच्या शाळेची फी ज्या हातांनी भरली ते हात त्यांना माहीत होते. ते हात दिवसभर काय करत, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलंही होतं, पण अडीच महिने त्याच हरळीला पाणी घालताना त्यांना ते एकदाही आठवलं नव्हतं, याची त्यांना मनापासून लाज वाटली. "चांगलं केलं, माय," ते म्हणाले. हे खोटं होतं की खरं, हे त्यांना आजही सांगता येत नाही, म्हणून सुरुवातीच्या त्या 'एकदाच'मध्ये ते धरलेलं नाही.

पण रविवार टळणार नव्हता. कुसुमबाई आणि अलका कपबश्या घेऊन परतल्या तेव्हा बाबू जमिनीच्या मधोमध उभे होते आणि सौंसरहून नागपूरला तार किती तासांत पोचते हे आठवत होते. उपाय पुन्हा रघुनाथरावांनीच सुचवला, आणि बाबू इतके हतबल होते की त्यांनी पुन्हा ऐकला. लग्नमांडवाचं सामान भाड्याने देणाऱ्याकडे हिरवी बिछायत होती. ती आणून पसरली. लांबून बरी दिसत होती. जवळ गेलं की मधोमध हातभर पांढऱ्या अक्षरांत 'किराया भंडार' असं वाचता येत होतं. त्या अक्षरांवर टीपॉय ठेवला, तर 'किराया' झाकलं आणि 'भंडार' उरलं.

"बाबा," अलका म्हणाली, "मी त्याईले सांगून देईन बरं सगळं." बाबूंनी हात जोडले.

रविवारी चार वाजता पाहुणे आले. पुंडलिकराव, त्यांच्या पत्नी आणि अनिल. जय भीम झाला, फाटक उघडलं, आणि पुंडलिकराव हिरव्या बिछायतीच्या काठाशी थबकले. त्यांनी खाली पाहिलं, बाबूंकडे पाहिलं, आणि रघुनाथरावांकडून आणलेल्या लोखंडी नळीच्या खुर्चीवर बसले. तिघी बायांनी जमीन इतकी मनापासून भुसभुशीत केली होती की खुर्चीचे मागचे पाय सावकाश आत जाऊ लागले. बाबूंना ते दिसत होतं. त्यांच्या हातात बशी होती आणि ते पावसाबद्दल बोलत होते. पुंडलिकराव इंचाइंचाने मागे कलत होते, हातातला सोनेरी काठाचा कप मात्र त्यांनी सरळ धरला होता. कप मेव्हणीचा होता, सहांतला एक. अलका अनिलला कोपऱ्यातलं सीताफळ दाखवायला घेऊन गेली होती. तिथून एकाएकी अनिलच्या हसण्याचा आवाज आला, आणि बाबू समजले की तिने सांगितलं.

"लॉन?" पुंडलिकरावांनी विचारलं. ते आता जवळजवळ आभाळाकडे बघत होते.

बाबूंनी सांगायला सुरुवात केली की लॉन आहे, म्हणजे होती, म्हणजे खाली... तेवढ्यात माय चिवड्याच्या ताटल्या घेऊन बाहेर आली.

"लॉन कायची, बाप्पा," ती म्हणाली. "हरळी मातली होती दारात. काल काढली आमी."

कुसुमबाईंनी पदर सारखा केला. पुंडलिकरावांनी कप खाली ठेवला, दोन्ही हातांनी जोर करून खुर्चीतून सुटले आणि उभे राहिले. बाबूंना वाटलं, संपलं. आता हे जातील, आणि अलकाच्या आयुष्यातली एक चांगली जागा तीन शब्दांपायी गेली असं आपण मरेपर्यंत म्हणत बसू. पण पुंडलिकराव फाटकाकडे गेले नाहीत. त्यांनी बिछायतीचा कोपरा उचलला, पँटच्या घडीची पर्वा न करता उकिडवे बसले आणि मातीत बोटं घातली. बराच वेळ चाचपून त्यांनी एक पांढरी कांडी वर काढली.

"हे राह्यली," ते म्हणाले.

"आना इकडे," माय म्हणाली, आणि कांडी त्यांच्या हातातून घेऊन तिने ढिगावर टाकली.

"किती जनी होत्या?"

"तिघी."

"माही माय एकटी होती," पुंडलिकराव म्हणाले. त्यांचं बंगल्यातलं मराठी कुठल्या कुठे गेलं होतं. "सरकारी क्वार्टरमंदी राहत होतो आमी तवा. मोठी लॉन होती समोर, मी दौऱ्यावर होतो. तिनं चार दिवसांत अख्खी उपटली. म्हने, साहेबाच्या दारात हरळी, लोक काय म्हनतील तुले? मले नोटीस आली. शासकीय हिरवळ नष्ट केल्याबद्दल कारणे दाखवा."

बाबूंच्या आतला वीस वर्षं मुरलेला कारकून नकळत पुढे झाला. "मग उत्तर काय दिलं, साहेब?"

"लिहिलं का, सदर हरळी शासकीय आहे याची माझ्या मातोश्रींना कल्पना नव्हती."

बाबूंनी ते वाक्य मनात एकदा वाचलं, दुसऱ्यांदा वाचलं, त्यातली एकही जागा त्यांना बदलावीशी वाटली नाही, आणि मग श्रावणापासून अडकलेलं हसू एकदम बाहेर आलं. पुंडलिकरावही हसले. मायला नोटीस म्हणजे काय ते कळलं नव्हतं, पण दोघं मोठी माणसं हसतात म्हटल्यावर तीही हसली.

मग पुंडलिकराव हात झटकत उठले. "माय होती तवर आमच्या घरी हरळी टिकली नाही," ते म्हणाले. "तीन वर्सं झाले, गेली ते. मंग लॉन झाली."

बाबूंना ती मऊ, एकसारखी लॉन आठवली, आणि तिच्यावरून अनवाणी फिरणारा हा माणूस आठवला. आपण त्या दिवशी पाय वर धरले होते ते बरं केलं, असं त्यांना वाटलं. चहा गार झाला होता. कुसुमबाईंनी दुसरा केला आणि सगळे ओट्यावर बसून प्यायले, कारण खुर्च्यांची आता खात्री नव्हती.

आठ दिवसांनी नागपूरचं पत्र आलं. अनिलला अलका पसंत होती, आणि अलकाने तर सीताफळापाशीच आपलं मत सांगून टाकलं होतं. पत्राच्या शेवटी पुंडलिकरावांच्या अक्षरात एक ओळ होती. आईंना जय भीम, हरळी आली का?

आली होती. परतीचा पाऊस दोन दिवस चांगला पडला आणि तिसऱ्या सकाळी बाबूंनी खिडकी उघडली, तर सगळ्या तुकड्यावर बारीक हिरवे कोंब. खुरप्यांनी कांडीचे तुकडे होऊन मातीत राहिले होते, त्या एकेकाचे पाच झाले होते. दोरी न लावता, अर्ज न करता, ताण न देता अशी दाट लॉन उगवत होती की पुंडलिकरावांनी बघत राहावं. अलकाचं ठरेपर्यंत राहिलेली माय तोवर खुरपं घेऊन बाहेर येऊन बसलीही होती.

बाबू ओट्यावर उभे राहून जरा वेळ बघत राहिले. आता कुणी बाहेर बसायला येणार नव्हतं. ते आत गेले, देवकाबाई विसरून गेलेलं खुरपं शोधून आणलं, आणि धोतर सावरून मायच्या शेजारी जमिनीवर बसले. एक कोंब धरून त्यांनी ओढला. तो वरच्यावर तुटला.

"असी नाही रे," माय म्हणाली, आणि त्यांचा हात धरून खाली मातीत नेला. "मुळातून."